टॉक, कार्यशाळा आणि ‘ओळख’ नावाचा सापळा : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात बहुतेक प्रश्न प्रोग्रामिंगच्या परिषदा आणि मुलींसाठीच्या कार्यशाळा यांबद्दलचे होते. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

पायकॉन इंडिया या पायथन भाषेच्या परिषदेसाठी ‘पांडाज् लायब्ररीची ओळख’ असा टॉकचा प्रस्ताव पाठवला होता. नाकारला, कारण कळवलं नाही. कॉलेजच्या प्रकल्पात तालुक्यांच्या दोन याद्या जोडताना आमचं गावच जुळेना, एवढाच माझा खरा अनुभव. त्यावर बोलण्यासारखं काही आहे का?
— अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कऱ्हाड

आहे, आणि नाकारलेल्या विषयापेक्षा हाच सरस आहे. ‘अमुकची ओळख’ या नावाचे प्रस्ताव ढिगाने येतात. पांडाज् म्हणजे तक्त्यांतला डेटा हाताळणारा पायथनचा तयार कोड. अशा लायब्ररीची ओळख तिच्या दस्तऐवजांत असतेच, ती ऐकायला कुणी बंगळूर किंवा हैदराबादचं तिकीट काढत नाही. निवड समिती शोधते ती अडचण, तिचं कारण आणि तिच्यातून काढलेली वाट.

तुमचं गाव का जुळलं नाही ते बघा. ‘कऱ्हाड’मधला तो आडवा रफार युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) तीन तऱ्हांनी टाइप होतो. पहिल्या तऱ्हेत ‘ऱ’ हे एकच चिन्ह आणि पुढे हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब), मग हलन्त. तिसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात. पायथनला लांबी विचारली तर पहिल्याची ६ येते, उरलेल्या दोघांची ७. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड फाइलमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे फाइलमध्ये १८, २१ आणि २१ बाइट. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी गावं, मग जोडणीत ओळ गळणारच.

पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ फंक्शन एनएफसी (सुटी चिन्हं जोडून एक करणाऱ्या) रूपात चालवलं की पहिली दोन रूपं एक होतात. तिसरं तसंच राहतं. इथेच बरेचजण घाई करतात आणि ‘न दिसणारी चिन्हं सगळी काढून टाका’ म्हणतात. तसं केलंत तर आडवा रफार जाऊन डोक्यावरचा रफार येतो आणि ‘कर्हाड’ उरतं. त्यामुळे जॉइनर नुसता काढायचा नाही. र, हलन्त, जॉइनर हे त्रिकूट शोधून त्याच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालायचा. त्यानंतरच याद्या जोडायच्या. तऱ्हा, वाऱ्या, दऱ्या, गोऱ्हे, कुऱ्हाड, सगळ्यांना हाच न्याय.

एवढ्यावर पंचवीस मिनिटं सहज भरतात. शेवटी एक्सेलचा किस्सा जोडा : मराठी नावांची सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली की लॅटिन अक्षरांची खिचडी दिसते. फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाचे तीन बाइट नसले की बऱ्याचदा एक्सेल ती यूटीएफ-८ आहे असं मानतच नाही. पांडाज्मधून फाइल लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की काम होतं. सरकारी किंवा कॉलेजच्या याद्यांवर काम करणारा प्रत्येकजण इथे ठेचकाळलेला असतो.

आता प्रस्ताव. शीर्षकात अडचण यायला हवी : ‘एकच गाव, तीन स्पेलिंग : भारतीय भाषांतला डेटा जोडताना’. गोषवारा पाच-सहा वाक्यांचा. त्यात ऐकणाऱ्याला काय येत असायला हवं (पायथनमधलं स्ट्रिंग आणि डिक्शनरी पुरे) आणि तो काय घेऊन जाईल हे स्पष्ट लिहा. त्याखाली मिनिटांसकट आराखडा. अर्ध्या तासाची वेळ असेल तर ३ मिनिटं अडचण, ६ मिनिटं कोड पॉइंट (चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक) म्हणजे काय, १० मिनिटं तीन रूपं आणि दुरुस्ती, ६ मिनिटं एक्सेल, ५ मिनिटं प्रश्न. बरेचसे प्रस्ताव या आराखड्यातच मार खातात. ‘प्रस्तावना, मुख्य भाग, समारोप’ असं लिहिलं की वक्त्याने अजून विचार केलेला नाही हे वाचणाऱ्याला कळतं. पहिल्या फेरीत नावं झाकून वाचणाऱ्या परिषदा असतात, तेव्हा गोषवाऱ्यात स्वतःचं किंवा कॉलेजचं नाव घालू नका. कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर टाकून अर्जातल्या त्यासाठीच्या रकान्यात दुवा द्या. आणि शेवटच्या दिवशी पाठवू नका. काही ठिकाणी परीक्षक आधी शेरे देतात आणि सुधारायला वाव मिळतो, तो लवकर पाठवणाऱ्यालाच.

प्रात्यक्षिक टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) करू नका. बऱ्याच टर्मिनलांत देवनागरीची जोडाक्षरं तुटून दिसतात आणि तुमचा सगळा मुद्दाच अक्षरांवर आहे. ज्युपिटर नोटबुक ब्राउझरमध्ये उघडा, झूम दीडशे टक्के, पार्श्वभूमी पांढरी. त्याच प्रात्यक्षिकाचं स्क्रीन रेकॉर्डिंग लॅपटॉपवर ठेवा, नेट किंवा कर्नल (नोटबुकमधला कोड चालवणारा भाग) रुसलं तर ते चालवता येतं. टाइप-सीवरून एचडीएमआय करणारा अडॅप्टर स्वतःचा न्या. परिषदेआधी एकदा विभागातल्या वर्गासमोर, एकदा पुण्याच्या एखाद्या मीटअपला (प्रोग्रामरांच्या स्थानिक बैठकीला) बोलून घ्या.

आमच्या कॉलेजात मुलींसाठी वेब प्रोग्रामिंगची एक दिवसाची मोफत कार्यशाळा घ्यायची आहे. तीस जणी येतील. गेल्या खेपेला दुपारपर्यंत इन्स्टॉलेशनच चाललं होतं.
— प्राध्यापिका, लातूर

जँगो गर्ल्स या उपक्रमाचा साचा घ्या. जँगो म्हणजे वेबसाइट बांधायची पायथनमधली तयार चौकट. ओला सितार्स्का आणि ओला सेंडेत्स्का या दोन पोलिश प्रोग्रामरनी २०१४ साली बर्लिनला, युरोपायथन परिषदेच्या वेळी पहिली कार्यशाळा घेतली. त्यांचा धडा सर्वांना खुला आहे आणि एका दिवसात प्रत्येकीचा स्वतःचा ब्लॉग उभा राहतो. त्यातल्या दोन गोष्टी मात्र सोडू नका. तीन मुलींमागे एक मार्गदर्शक, आणि इन्स्टॉलेशन आदल्या संध्याकाळी.

तीस जणींना दहा मार्गदर्शक लागतात, शिवाय दोन राखीव. माजी विद्यार्थिनींना विचारा. जँगो कोळून प्यालेली माणसं नकोत, हा धडा स्वतः एकदा पूर्ण केलेल्या मुली चालतात. मार्गदर्शकांना एकच कडक नियम : शिकणारीच्या कीबोर्डला हात लावायचा नाही.

आदल्या संध्याकाळी नेटवर विसंबू नका. बहुतेक फोनच्या हॉटस्पॉटवर आठ-दहाच लॅपटॉप बसतात आणि कॉलेजच्या नेटवर एकाच वेळी तीस डाउनलोड लावले की सगळेच रखडतात. पायथनचा इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवर घ्या. जँगो आणि त्याला लागणारी पॅकेजं एका मशीनवर ‘पिप डाउनलोड’ने एका फोल्डरमध्ये उतरवा आणि बाकीच्या मशीनवर ‘नो-इंडेक्स’ व ‘फाइंड-लिंक्स’ हे पर्याय देऊन त्याच फोल्डरमधून बसवा. सगळीकडे पायथनची आवृत्ती एकच हवी, नाहीतर काही पॅकेजं बसणार नाहीत.

दिवसभरात ज्या चुका हमखास निघतात त्यांचा एक कागद छापून प्रत्येक टेबलावर ठेवा :

‘पायथन सापडत नाही’ असं विंडोज म्हणालं, तर इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर खाली ‘पाथ’मध्ये घालण्याची खूण करायची राहिली. इन्स्टॉलर पुन्हा चालवा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरतं वेगळं पायथन) चालू करताना लाल अक्षरांत ‘स्क्रिप्ट्स बंद आहेत’ आलं, तर ते पॉवरशेल आहे, साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा. ‘स्टार्टप्रोजेक्ट’च्या आज्ञेच्या शेवटी एक स्पेस आणि एक टिंब असतं. ते गाळलं की फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर तयार होतो आणि पुढची प्रत्येक आज्ञा ‘मॅनेज डॉट पीवाय फाइल नाही’ म्हणून अडते. ही चूक सगळ्यांत जास्त होते, कारण ते टिंब वाक्याचा पूर्णविराम वाटतं. ‘ऑथ-युजर नावाचं टेबल नाही’ आलं, तर मायग्रेट (डेटाबेसमध्ये टेबलं तयार करणारी आज्ञा) चालवलेलं नाही. ‘पोर्ट वापरात आहे’ आलं, तर दुसऱ्या खिडकीत सर्व्हर चालूच आहे. पायथनएनीव्हेअर या ब्लॉग नेटवर ठेवण्याच्या सेवेवर चढवल्यावर ‘डिसअलाउड होस्ट’ आलं, तर सेटिंग्जमधल्या ‘अलाउड होस्ट्स’च्या यादीत पत्ता घालायचा आहे.

बाकी व्यवस्थेत एक्स्टेन्शन बोर्ड मोजून घ्या, दोन टेबलांना एक. फोटो काढण्याआधी विचारा आणि नको म्हणणारीला वेगळ्या रंगाची फीत द्या. कार्यक्रम साडेचारला संपवा. बाहेरगावच्या मुलींना शेवटची एसटी गाठायची असते आणि वसतिगृहाचं फाटकही वेळेवर बंद होतं. सहाला संपणाऱ्या कार्यशाळेतून निम्म्या मुली चारलाच उठतात, म्हणजे ब्लॉग नेटवर चढवण्याचा सगळ्यांत मजेचा टप्पा त्यांच्या हातून जातो. पाहुण्यांच्या सत्काराला वेळ उरत नाही. तो मुळात ठेवूच नका.

गुणवत्तेवर निवड व्हावी असं सगळेच म्हणतात. मग महिलांसाठी वेगळे उपक्रम कशाला?
— सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

कारण निवड अर्ज आलेल्यांतूनच होते. ग्नोम या मुक्तस्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पाला २००६ साली गूगल समर ऑफ कोड या विद्यार्थ्यांना मानधनावर काम देणाऱ्या उपक्रमासाठी १८१ अर्ज आले, त्यात एकही स्त्री नव्हती. त्याच वर्षी त्यांनी स्त्रियांसाठी वेगळी जाहिरात दिली तेव्हा सुमारे शंभर अर्ज आले आणि सहा जणी घेतल्या. या बायका आधीपासून होत्याच, पहिली जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती किंवा ती आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

अमेरिकेतल्या पायकॉनचंही तेच. तिथे २०११ मध्ये स्त्रियांचे टॉक १ टक्का होते. २०१२ मध्ये ७, २०१३ मध्ये १५, २०१४ आणि २०१५ मध्ये ३३, २०१६ मध्ये ४० टक्के झाले. हे आकडे जाहीर करणाऱ्या जेसिका मॅकेलर तिथे विविधता वाढवण्याच्या कामाच्या प्रमुख होत्या. मार्ग होता तो प्रस्ताव मागवतानाच एकेकीला गाठून ‘तू या विषयावर पाठव’ असं सांगण्याचा. ‘महिलांनीही अर्ज करावेत’ अशी ओळ जाहिरातीखाली छापून कुणी येत नाही. तुम्ही पुण्यात मीटअप चालवत असाल, तर सहकाऱ्यांपैकी तिघींना नाव घेऊन, विषय सुचवून विचारा. पंधरा मिनिटांची वेळ द्या, पंचेचाळीसची नको.

सहा वर्षं घरी आहे. आउटरीची आणि विमेन हू कोड यांबद्दल वाचलं. कुठून सुरुवात करू?
— गृहिणी, पूर्वी टेस्टर, डोंबिवली

विमेन हू कोड ही संस्था एप्रिल २०२४ मध्ये निधीअभावी बंद झाली, गर्ल्स इन टेक त्याच वर्षी जुलैत. नेटवरच्या जुन्या याद्यांत दोन्ही अजून दिसतात. कुठल्याही गटात नाव घालण्याआधी त्यांचा शेवटचा कार्यक्रम कधी झाला ते बघा.

आउटरीची ही वर सांगितलेल्या ग्नोमच्या स्त्रियांसाठीच्या उपक्रमाचीच पुढची अवस्था. घरून करायची तीन महिन्यांची इंटर्नशिप, मानधन ७,००० अमेरिकी डॉलर, वर्षातून दोन फेऱ्या : मे ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते मार्च. विद्यार्थी असण्याची अट नाही, तुमचा खंड आड येत नाही. मात्र आधी आउटरीची किंवा समर ऑफ कोड केलेलं नसावं.

अर्ज दोन टप्प्यांत होतो. फेरीच्या काही महिने आधी छोटे निबंध लिहायचे असतात : तुमच्याकडच्या तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात तुम्हाला कोणत्या अडथळ्यांना तोंड द्यावं लागलं. इथे गुळगुळीत इंग्रजीपेक्षा नेमका तपशील चालतो. मुलाखतीत काय विचारलं गेलं, खंड का पडला, घरात लॅपटॉप कुणाच्या वाट्याला येतो, हे लिहा. एआयकडून लिहून घेतलेला निबंध वाचणाऱ्याला ओळखू येतो. दुसऱ्या टप्प्यात महिनाभर एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पात प्रत्यक्ष काम करून दाखवायचं असतं. काम केलं पण आउटरीचीच्या संकेतस्थळावर नोंदवलंच नाही, म्हणून बाद होणाऱ्या दरवेळी निघतात. पाच प्रकल्पांत हात घालू नका, एक किंवा फार तर दोन निवडा. शंका मेंटरला (प्रकल्पातल्या मार्गदर्शकाला) खाजगीत न विचारता प्रकल्पाच्या सार्वजनिक चॅनलवर विचारा, म्हणजे मेंटर झोपलेला असला तरी दुसरं कुणी उत्तर देतं.

तुम्ही टेस्टर होतात हे भांडवल आहे. सुरुवातीला कोड लिहायची घाई नको. प्रकल्प स्वतःच्या मशीनवर चालवा, जिथे अडाल ती पायरी सूचनांत दुरुस्त करून पाठवा, मग एखादा उघडा बग घेऊन तो नेमका कसा घडतो त्याच्या पायऱ्या लिहा. नवख्यांपैकी फार थोड्यांना हे नीट जमतं.

टॉक मराठीत दिला तर चालेल का? स्लाइडवर मराठी अक्षरं फुटतात.
— वाचक, कुडाळ

स्थानिक मीटअपला आणि कॉलेजात खुशाल मराठीत द्या. ‘फंक्शन’, ‘लूप’, ‘सर्व्हर’ तसेच ठेवा. कोड इंग्रजीत, टिप्पणी मराठीत. अक्षरं फुटतात ती यजमानांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसल्यामुळे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता किंवा गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी वापरा, दोन्ही फुकट आहेत. स्लाइड पीडीएफ करून न्या, म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच बसतो. पीडीएफ केल्यावर एकदा सगळी पानं चाळा आणि ऱ्हस्व वेलांटी व आडवा रफार जागेवर आहेत ना ते पाहा. मजकूर २८ पॉइंटच्या खाली नको, मागच्या रांगेतून मात्रा आणि अनुस्वार दिसेनासे होतात.