गौरी, गोळ्या आणि सातवीतली मुलगी

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझी मुलगी सातवीत आहे, बारा पूर्ण. फेब्रुवारीत पहिल्यांदा पाळी आली. मग मार्चमध्ये पत्ताच नाही, एप्रिलच्या मध्यावर आली. नंतर थेट जूनअखेर, ती नऊ दिवस चालली. सासूबाई म्हणतात, पिशवीत दोष असेल, पुढे मूल व्हायला अडचण येईल. आमच्याकडे गौरी बसतात. मेडिकलवाल्याने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दिल्यात, दरवर्षी मी घेते त्याच. तिला अर्धी-अर्धी देऊ का? हल्ली आळशीपण झालीय, शाळेतून आली की आडवी. आणि आता तिची उंची थांबणार का?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मधल्या अंतराची तुम्हाला धास्ती बसलीय, मला ती फारशी नाही. पण नऊ दिवस आणि ‘आडवी’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, ते मात्र मी दोनदा वाचलं.

अंतराचं आधी उरकते. अंडाशयातून स्त्रीबीज सुटलं की मागे राहिलेल्या पेशी प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक (हार्मोन) तयार करतात. ते गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं; साधारण दोन आठवड्यांनी ते घटलं की पाळी येते. पहिली एक-दोन वर्षं मेंदू आणि अंडाशय यांचा मेळ बसलेला नसतो, बरेच महिने बीज सुटतच नाही. नुसत्या इस्ट्रोजेनवर, म्हणजे अंडाशयाच्या दुसऱ्या संप्रेरकावर, अस्तर जाड होत जातं आणि पाणी न मारलेल्या गिलाव्यासारखं कधीतरी इथून-तिथून ढासळतं. म्हणून पाळी उशिरा येते, आणि आली की लांबते. या वयात 21 ते 45 दिवसांचं अंतर चालतं, पहिल्या वर्षात कधी त्याहून जास्तही. सलग 90 दिवस आली नाही तर दाखवा. एवढ्यावरून पिशवीत दोष निघत नाही, सासूबाईंना माझ्या नावाने सांगा.

आता गोळ्या. श्रावण सरत आला की माझ्या दवाखान्यात याच गोळ्यांची रांग लागते, नवरात्रात पुन्हा. त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, ते प्रोजेस्टेरॉनसारखंच अस्तर धरून ठेवतं. पाळीच्या तारखेआधी तीन दिवस सुरू करायच्या, थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तुमची तारीख ठरलेली असते म्हणून तुम्हाला जमतं. तिची तारीखच नाही, तर ढकलणार काय? अर्धी गोळी तर सोडाच. शिवाय जाड झालेलं अस्तर गोळ्या बंद केल्यावर एकदम सुटलं तर मुलीच्या अंगावरून भरपूर जाईल. (याच औषधाने आम्ही जास्तीचा रक्तस्राव थांबवतोही, पण तो डोस आणि ते वय बघून.) पाळीत तिने गौरीपुढे बसायचं की नाही, ते तुमच्या घरचं. माझ्या घरी मुली बसतात.

नऊ दिवस मला खटकले, कारण सातच्या पुढे गेलं की मी रक्त तपासतेच. तिला शेजारी बसवून विचारा : पॅड तासा-दोन तासांत भिजतो का? दहाच्या नाण्याएवढ्या गुठळ्या पडतात का? रात्री उठून बदलावा लागतो का? पीटीच्या तासाला धाप लागते का? हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं का, घरात कुणाला असा त्रास आहे का, हेही. काही मुलींना रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असतो आणि तो पहिल्या पाळ्यांतच उघडा पडतो.

या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन करून घ्या. तिच्या वयाला 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. आळशीपणाचा उलगडा बहुधा तिथेच होईल. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती मुली दप्तरात कोंबतात किंवा खिडकीतून टाकतात, एकदा दप्तर बघाच. रक्त कमी निघालं तर मात्र ती पुरणार नाही, डॉक्टर रोजची देतील. ती जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. चहा तेवढा तासभर लांब ठेवा. शौचाला काळी होईल, घाबरू नका.

उंची लगेच थांबत नाही, पण वेग मंदावतो. पहिल्या पाळीनंतर बहुतेक मुली अजून पाच-सात सेंटीमीटर वाढतात. त्यासाठी तिला दाराच्या चौकटीला लोंबकळायला लावू नका, खांदे तेवढे दुखतील.