काळी स्क्रीन दिसली की लगेच फॉरमॅट मारू नका

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच वाक्याने सुरू होतात, "कॉम्प्युटर चालूच होत नाहीये." पण एवढ्यावरून मला काहीच सांगता येत नाही हो. बटण दाबलं की आधी एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) करंट देतो, मग मदरबोर्ड प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स तपासतो, मग बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) डिस्क शोधतो आणि सगळ्यात शेवटी विंडोज येतं. गाडी यातल्या कुठल्या टप्प्यावर थांबली ते कळलं की अर्धं काम झालं. म्हणून लिहिताना पंखा फिरतो का, कंपनीचा लोगो येतो का, स्क्रीनवर कुठली अक्षरं दिसतात, तेवढं जरूर लिहा.

प्रश्न: बटण दाबलं की लाइट लागते, पंखे फिरतात, पण स्क्रीन पूर्ण काळी. लोगोसुद्धा येत नाही. ओळखीतले सगळे म्हणतात विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून टाका. मुलीचा प्रोजेक्ट त्यात आहे. काय करू?

फॉरमॅट अजिबात मारू नका. लोगोच येत नाहीये म्हणजे गाडी विंडोजपर्यंत पोचलेलीच नाही, तर त्याला दोष कसा देणार? डिस्क पूर्ण काढून ठेवली तरी लोगो यायला हवा, निदान बूट डिव्हाइस सापडलं नाही असा मेसेज तरी यायला हवा. मुलीचा प्रोजेक्ट बहुतेक जागच्या जागी सुरक्षित आहे, त्यामुळे आधी तिला धीर द्या.

आता आधी बाहेरून बघा. मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतोय का? त्याचं इनपुट बरोबर निवडलंय का? केबल बदलून बघा. आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डलाच लावलीये ना हे नक्की बघा, कारण साफसफाई करताना ती काढली जाते आणि परत लावताना वरच्या, म्हणजे मदरबोर्डच्या पोर्टला जाते, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता सगळ्यात आधी तेच विचारतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, तिथे मदरबोर्डच्या पोर्टवर कधीच काही दिसणार नाही.

बाहेरचं सगळं ठीक असेल तर कॅबिनेट उघडा. त्याआधी मागचा स्विच बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावा. मग रॅम. माझ्या अनुभवात पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, अशा केसमध्ये सगळ्यात जास्त वेळा रॅमच निघते, आणि तीही बिघडलेली नसते, नुसती सैल झालेली किंवा तिच्या सोनेरी पट्टीवर थर बसलेला. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून (काही बोर्डांवर एकच असते) रॅम काढा, सोनेरी भाग मऊ कोरड्या खोडरबरने हलकेच पुसा, भुगा नीट झटका, खाच जुळवून टक् आवाज येईपर्यंत दाबा. घाबरून अर्धवट दाबतात लोक, तिला बऱ्यापैकी जोर लागतो. दोन रॅम असतील तर एकच लावून चालू करा, मग दुसरी लावून, मग स्लॉट बदलून. चार स्लॉट असतील तर एकटी रॅम बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची असते, पण तुमच्या बोर्डाच्या पुस्तिकेत काय लिहिलंय तेच खरं. आणि डीडीआर ५ रॅम असेल तर असा बदल केल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते, बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. मध्येच बंद करू नका.

बोर्डावर कोपऱ्यात चार बारीक लाइट आहेत का तेही बघा, शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट (म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, डिस्क) असं लिहिलेलं असतं. जी लागून राहते तिथे घोडं अडलंय. जुन्या बोर्डांवर हेच काम बीप करते, फक्त किती बीप म्हणजे काय हे प्रत्येक बायोसचं वेगळं असतं, त्यामुळे मित्राच्या कॉम्प्युटरचा तक्ता तुम्हाला चालणार नाही. शेवटी प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा पॉवरचा कनेक्टर घट्ट बसलाय का बघा. तो सुटला असेल तरी पंखे मजेत फिरतात, म्हणूनच फसायला होतं.

प्रश्न: रात्री नीट शट डाउन करतो, सकाळी चालू केलं की लोगोवर अडकतं. जबरदस्ती बंद करून परत चालू केलं की व्यवस्थित येतं. हार्डवेअर गेलं का?

बहुतेक नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, त्यात शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं, सिस्टिमचा एक भाग डिस्कवर साठवून ठेवतात आणि सकाळी तोच परत उचलतात. एखाद्या ड्रायव्हरला (एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) ते झेपत नाही. रीस्टार्ट मात्र खरोखर पहिल्यापासून सुरू करतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जा, पॉवर बटणाने काय व्हावं ते ठरवायची जागा आहे, तिथली फास्ट स्टार्टअपची टिक काढा आणि आठवडाभर बघा. एसएसडी असेल तर वेळेत फारसा फरकही जाणवणार नाही.

प्रश्न: रोज सकाळी कॉम्प्युटर एफ १ दाबायला सांगतो, मग चालू होतो पण तारीख कित्येक वर्षं मागची असते आणि वेबसाइट उघडायला गेलं की कनेक्शन सुरक्षित नाही असं येतं. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही हो, बोर्डावरचा बटणासारखा सेल संपलाय. त्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, ३ व्होल्टचा. वायर काढलेली असताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज याच सेलवर टिकून असतात, आणि तुम्ही रात्री मेन स्विच बंद करत असाल तर सगळा भार त्याच्यावर येतो. तारीख चुकली की वेबसाइटची सर्टिफिकेटं ब्राउझरला पटत नाहीत, म्हणून तो इशारा.

सेल बदलण्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः डिस्क एएचसीआय (AHCI) मोडवर आहे की रेड (RAID) मोडवर ते, बोर्ड डिस्कशी कसं बोलतो ते यावरून ठरतं. सेल काढल्यावर सेटिंग्ज मूळ जागी जातात, आणि हा मोड बदलला तर चांगलं चालणारं विंडोज निळी स्क्रीन दाखवायला लागतं आणि माणूस उगाच डिस्कला दोष देत बसतो.

प्रश्न: काहीच होत नाही. ना लाइट, ना पंखा, ना आवाज. एसएमपीएस नवीनच घेतलाय.

एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच चालू आहे ना? विचारावं लागतं, नवीन बसवल्यावर तो राहून जातो. एक्स्टेन्शन बोर्ड सोडून वायर थेट भिंतीत लावून बघा. मग संशय घ्या कॅबिनेटच्या बटणावर. बटणाची बारीक वायर बोर्डावर ज्या दोन पिनांना जाते (शेजारी पीडब्ल्यूआर एसडब्ल्यू असं काहीसं लिहिलेलं असतं) ती काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर एकदम टेकवा. बटण हेच करतं. कॉम्प्युटर चालू झाला तर फक्त बटण खराब आहे, आणि तोवर रीसेटच्या बटणाची वायर तिथे लावून काम भागवता येतं.

२४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडून एसएमपीएस तपासतात ते तुम्ही ऐकलं असेल. त्याने पंखा फिरला तर एवढंच कळतं की तो सुरू होतो, भार आल्यावर टिकेल का ते नाही. माझा त्यावर फारसा विश्वास नाही, दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणं केव्हाही बरं. आणि एसएमपीएसचा डबा काहीही झालं तरी उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल इतका चार्ज राहू शकतो.

प्रश्न: लोगो येतो, मग 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर', मग परत लोगो, दोन दिवस हेच चाललंय. आईचे सगळे फोटो त्यात आहेत, ती आता नाहीये, दुसरीकडे कुठेच कॉपी नाही. दुकानदार म्हणतो रीसेट करू. करू देऊ का?

नाही, अजून नाही. फोटो आधी, विंडोज नंतर. विंडोज कितीही वेळा टाकता येतं.

तसं बघितलं तर तुमची अवस्था पहिल्या प्रश्नापेक्षा बरी आहे, बोर्ड, रॅम, ग्राफिक्स निदान सुरू होण्याइतके ठीक आहेत. पण डिस्क दमत आली असेल तर हे चक्र जितक्या वेळा फिरेल तितकी ती आणखी खचेल, म्हणून सारखं चालू-बंद करणं आत्ताच थांबवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर १६ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी, फुकट मिळणारी सिस्टिम) टाकून घ्या, त्यावरून तुमचा कॉम्प्युटर सुरू करा आणि 'ट्राय' निवडा, 'इन्स्टॉल' नाही. तुमची डिस्क तिथे फोल्डरसारखी उघडेल, बाहेरची हार्डडिस्क जोडून फोटो कॉपी करा. डिस्क पासवर्ड मागत असेल तर ती बिटलॉकरने कुलूपबंद आहे, त्याला ४८ आकडी रिकव्हरी की लागते आणि ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. आधी ती शोधा, तिच्याशिवाय पुढे कोणीच काही करू शकत नाही.

कॉपी झाल्यावर दोन-चार फोटो दुसऱ्या मशीनवर खरंच उघडून बघा. मगच दुरुस्ती. रिपेअरच्या स्क्रीनवर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधी शेवटचं अपडेट काढून बघा, मग सिस्टिम रिस्टोअर, मग सेफ मोड. 'कीप माय फाइल्स' वालं रीसेट सगळ्यात शेवटी, त्यात फायली राहतात पण टाकलेले प्रोग्रॅम जातात. नवीन विंडोज टाकण्याआधी मेमटेस्ट नावाच्या प्रोग्रॅमने रॅमही तपासून घ्या. मी पूर्वी एकाची डिस्क खराब समजून साफ केली होती आणि आठवड्याभरात परत तसंच झालं, तेव्हा कळलं की दोष रॅमच्या एका पट्टीत होता. त्याचा डेटा विनाकारण गेला आणि ते मला अजून लागतं.

आणखी एक, कोणी चकडिस्क (chkdsk, विंडोजची डिस्क तपासायची कमांड) चालवा म्हणालं तर फोटो निघेपर्यंत चालवू नका. ते फाइल सिस्टिम जुळवायला बघतं, त्या नादात अर्धवट वाचता येणाऱ्या फायली तुकड्यांत जाऊ शकतात. आणि जुनी हार्डडिस्क असेल आणि आतून टक-टक-टक असा आवाज येत असेल तर वर सांगितलेलं उबुंटूचंही काही करू नका, लगेच वायर काढा आणि ती तशीच, न उघडता, डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे न्या. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे सांगा की डिस्क कामातून गेली तरी चालेल, फोटो हवेत.