चट्टा दिसला की आधी हात लाव

अगं, आशा सेविकेचं काम तुला नवीन आहे, तर घरभेटीत कुणी चट्टा दाखवला की लगेच कुष्ठरोगाचं नाव घेऊ नकोस. बहुतेक वेळा ते गजकर्णच निघतं: कडा उठलेल्या, गोल, आणि खाज म्हणजे जीव नको करणारी. दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावलेलं असेल तर कडा पुसट होतात, लाली जाते आणि बुरशी आतून पसरत राहते. म्हणून ट्यूब बघायला माग. छाती-पाठीवरची शिबं नखाने खरवडली की कोंडा सुटतो. कोड दुधासारखं पांढरं असतं, पण स्पर्श शाबूत.

खरी नजर हवी ती न खाजणाऱ्या, फिकट किंवा लालसर चट्ट्यावर. आधी चांगल्या कातडीला पेनाचं टोक हलकेच लावून दाखव. मग डोळे मिटायला सांग आणि जिथे लागलं तिथे बोट ठेवायला लाव. "लागलं का?" असं विचारू नकोस, माणसं भिडेपोटी हो म्हणतात. चट्ट्यावर बोट आलंच नाही, तर कुष्ठरोगाच्या तपासणीला थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठव. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात मात्र संवेदना टिकलेली असू शकते, तिथे या परीक्षेवर विसंबू नकोस.

कधी कुष्ठरोगात चट्टा नसतोच. नुसती करंगळी बधिर, कोपरामागची नस दोरीसारखी जाड. असं क्वचित दिसतं, म्हणूनच सुटतं. औषध फुकट आहे, प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने. आणि हो, हे सगळं शेजारणींसमोर तपासू नकोस, आत घेऊन जा.