खुर्चीतून उठवायचं, बास

तुझा मेसेज रात्री वाचला आणि मग झोपच लागेना, म्हणून पहाटे उठून लिहितेय. प्रोस्टेट कॅन्सरच्या शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या, बाराव्या सिटिंगनंतर तू व्यायामाला उठवायला गेलास तर काका म्हणाले आज नको रे, त्यांची मुलगी म्हणाली माझ्या बाबांना छळू नका, आणि तू सॉरी म्हणून बाहेर आलास. वर मला विचारतोस, मॅडम माझं काही चुकलं का? हो, चुकलं. सॉरी म्हणालास ते.

अरे, शेकाचा थकवा वेगळा असतो हे तू कॉलेजात पाठ केलंयस. राबून आलेला माणूस रात्रभर झोपला की सकाळी ताजा होतो, हा थकवा झोपून जात नाही. दिवसेंदिवस साचत जातो, शेवटच्या सिटिंगांना जास्त जाणवतो आणि शेक संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो, त्यात प्रोस्टेटवर शेक म्हणजे रात्री तीन-चारदा लघवीला उठणं आलंच. मग माणूस दिवसभर पडून राहतो, पडून राहिला की पायातला जोर जातो, जोर गेला की बाथरूमपर्यंत जाऊन आलं तरी दम लागतो, आणि दम लागला की परत आडवा. आता यातून काढायचं कसं? खुर्चीतून उठवायचं.

काकांना हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे असं तूच लिहिलंयस ना, मग त्यांची पँट बघितलीस का? पोटावर हुक लागत नसेल आणि मांडीवर कापड लोंबत असेल. त्या इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, पाडलं की असंच होतं, पोट सुटतं, स्नायू झडतात आणि आत हाडंही विरळ होत जातात, ती मात्र दिसत नाहीत. अशा माणसाला नुसतं चालवून भागत नाही, पायांवर भार यायला हवा. २००९ ची स्टडी तुला वाचायला दिली होती, शेक घेणारे १२१ पुरुष, २४ आठवडे, काहींना वजनं, काहींना एरोबिक, काहींना नेहमीसारखंच. थकव्याला दोन्ही व्यायामांनी आवर घातला, पण वजनं उचलणाऱ्यांचा फायदा जास्त टिकला. आणि काकांसाठी वजन कुठून आणायचं ते विचारू नकोस, स्वतःचं आहे की त्यांना! खुर्चीतून उठवायचं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. माझ्या अप्पांना २००६ मध्ये शेक दिले, ३७ सिटिंग. मी तेव्हा दहा वर्षं मुरलेली फिजिओ, आणि घरात सगळ्यांना काय बजावलं तर अप्पांना उठवू नका, पडू दे त्यांना. उशा मीच लावायचे, पाणी हातात मीच द्यायचे. शेक संपले, पीएसए, म्हणजे रक्तातला प्रोस्टेटचा आकडा, छान उतरला, सगळे खूश, आणि अप्पांना संडासातून उठताना भिंत धरावी लागायला लागली. ओला पंजा भिंतीवर टेकायचे, दोनदा झोका घ्यायचे आणि मग उठायचे, त्या रंगावर पंज्याचा डाग पडला होता. आजार शरीरातून गेला आणि पाय मी घालवले. तेव्हा सगळेच आराम सांगायचे हे खरं आहे, माझं एकटीचं चुकलं असं नाही. पण २००४ मध्येच स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी ६६ पुरुषांवर करून बघितलं होतं, अर्ध्यांना शेकाच्या चार आठवड्यांत आठवड्यातून किमान तीन दिवस अर्धा तास चाला, बाकीच्यांना दमलात तर आराम करा. आरामवाल्यांचा थकवा वाढला, चालणाऱ्यांचा फारसा वाढला नाही. छापून दोन वर्षं झाली होती रे, मी वाचलंच नव्हतं.

म्हणून मी कडक आहे. मागे एका पेशंटच्या भावाने माझी तक्रार केली, बाई माणसाला मरता मरता उठाबशा काढायला लावतात म्हणे. मरता मरता कुठला, तो माणूस बरा व्हायला आला होता! आवाज चढला माझा, चढायला नको होता, पण म्हणणं बरोबर होतं आणि आजही मी तेच म्हणेन.

आता तू काय करायचंस ते ऐक. सिटिंगच्या आधी अजिबात नाही, तेव्हा शेकासाठी लघवी भरून धरलेली असते, त्यात कुठे उठबस करायला लावतोस. शेक झाला, बाथरूमला जाऊन आले, की मग. टणक खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीशी, नाहीच जमलं तर पहिले दोन दिवस हात खुर्चीवर. पाच वेळा, मिनिटभर दम खाऊन परत पाच, आणि उठताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं तर थांब. सायकल सध्या नको, सीट नेमकी नको तिथे दाबते. ताप असेल, चक्कर असेल, छातीत दुखत असेल तर त्या दिवशी सुट्टी आणि डॉक्टरांना कळव. पाठीत नवीन दुखणं निघालं किंवा पाय बधिर, लुळे वाटले तर त्याच मिनिटाला डॉक्टरांकडे, तिथे तुझी हुशारी नको. आणि आजार हाडात गेलेला नाही ना हे फाईलमध्ये आधी बघ, गेला असेल तर किती भार द्यायचा ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

मुलीवर चिडू नकोस. मी उशा लावायचे तशीच ती लावतेय. उद्या तिला काकांसमोर उभी कर आणि मोजायला तिलाच सांग, मोठ्याने. संध्याकाळी आकडा मला टाक, तीन असला तरी चालेल.