माथेफिरू, घरभेदी आणि अतिरेकी

प्रश्न आलाय की 'होमग्रोन टेररिस्ट'ला, म्हणजे ज्या देशात वाढला तिथेच हल्ला करणाऱ्याला, मराठीत घरभेदी म्हणावं की माथेफिरू. माथेफिरू तर अजिबात नको, या शब्दाने वीट आणलाय! आपल्याच देशात वाढलेल्या कुणी माणसं मारली की न्यूजवाले 'माथेफिरूचं कृत्य' लिहून मोकळे, म्हणजे तो कुणाच्या नादी लागला, का लागला हे विचारायलाच नको. नॉर्वेत २२ जुलै २०११ ला ब्रेविक नावाच्या तिथल्याच माणसाने ७७ जणांना मारलं, तेव्हा तो वेडा की शहाणा यावर कोर्टात केवढा काथ्याकूट झाला, पहिल्या तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, दुसऱ्यांनी तो खोडून काढला, आणि २०१२ मध्ये कोर्टाने तो भानावर होता असं ठरवून शिक्षा दिली.

खरा शब्द अतिरेकी. आता काही कोशप्रेमी सांगतात 'अति करतो तो अतिरेकी', जणू पुढचं 'रेकी' शेपटासारखं चिकटवलंय. साफ चूक! संस्कृत धातू आहे रिच्, म्हणजे रिकामं करणं, सोडणं. त्यातूनच रिक्त, रेचक, अतिरिक्त, अतिरेक, आणि आपला रितासुद्धा, रिक्तचं प्राकृतात रित्त झालं आणि मराठीत रिता. लॅटिनमधला लिंक्वेरे म्हणजे सोडून जाणं, तोही याच कुळातला. म्हणजे रिता आणि अतिरेकी सख्खी भावंडं, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

आणि माझं ठाम मत आहे की अर्थसुद्धा या रितेपणातच सापडतो. 'अतिरेकी गरिबीमुळे होतात' म्हणणाऱ्यांनी ७ जुलै २००५ चे लंडनचे बॉम्बवाले बघावेत. ५२ जणांचा जीव घेतला, चौघांचा म्होरक्या तीस वर्षांचा सिद्दीक खान लीड्सच्या प्राथमिक शाळेत मुलांना मदत करायचा, घरी बायको आणि लहान मूल, जोडीदार तन्वीर क्रिकेटवेडा, त्याच्या वडिलांचं दुकान. सरकारी अहवालातच आलंय की अशा माणसांचा ठरावीक साचा नाही. रितेपण खिशातलं नसतं, आपण कोण, कुणाचे, आपल्या माणसांवरच्या अन्यायाचं काय, ही जागा रिती असते, आणि ती भरणारे बहुतेकदा ओळखीतलेच, या चौघांपैकी तिघं तर लीड्सच्या बीस्टन भागातल्या ओळखीतलेच होते.

हां, घरभेदी राहिलाच. घरभेदी घरातलं गुपित बाहेरच्या शत्रूला देतो. ओक्लाहोमा सिटीत १९९५ ला १६८ जणांना मारणारा मॅकव्हे आखाती युद्धात लढलेला अमेरिकन सैनिक, त्याने कुणाला काही फोडलं नाही, टेक्ससमधल्या वेको इथे सरकारने एका पंथाच्या वस्तीला घातलेल्या वेढ्यावरून स्वतःच्याच सरकारवर राग धरला आणि तो वेढा संपला त्याच तारखेला, बरोबर दोन वर्षांनी, बॉम्बने भरलेला ट्रक उडवला. त्याला घरभेदी कसं म्हणणार? 'इथलाच अतिरेकी' लिहा.