बॅग आली नाही, पोट बिघडलं, शिबिर फसलं: केनियाला जाणाऱ्या सेवासंघांचे प्रश्न

मंडळीतर्फे केनियाला सेवाकार्यासाठी गेलेल्या आणि जाणार असलेल्या वाचकांच्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

सलाम. नैरोबीला उतरल्यावर आमच्या काही बॅगा आल्याच नाहीत. सगळी औषधं आणि मुलांच्या शिबिराचं साहित्य त्यांतच होतं. किसुमूची गाडी चुकेल म्हणून आम्ही तक्रार न करताच निघालो. पुढच्या संघाने काय करावं?
*तरुण संघाचा नेता, मिरज*

सलाम. गाडी चुकली तर चुकू द्यावी, पण कस्टम्सच्या बाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या सामान-काउंटरवर तक्रार नोंदवावीच. तिथे मिळणाऱ्या कागदाला पीआयआर म्हणतात आणि त्यावर दहा अक्षरांचा क्रमांक असतो. पहिली तीन अक्षरं विमानतळाची (नैरोबीसाठी एनबीओ), पुढची दोन कंपनीची आणि मग पाच आकडे. त्या क्रमांकावरच बॅगेचा शोध चालतो. बोर्डिंग पासला चिकटवलेली बॅगेची चिठ्ठी जपून ठेवा. पुष्कळ जण विमानात बसल्यावर ती फाडून टाकतात आणि इथे अडतात.

पत्त्याच्या रकान्यात तिथल्या पाळकांचा मोबाइल नंबर आणि जवळची खूण लिहा, उदाहरणार्थ शाळा, बाजार किंवा पेट्रोल पंप. खेड्यात घरक्रमांक नसतात, त्यामुळे नुसतं गावाचं नाव लिहिलं तर बॅग नैरोबीतच पडून राहते.

तुम्ही बाहेर पडलात म्हणून सगळं संपलं असं नाही. चिठ्ठीवरचा क्रमांक घालून कंपनीला आजच ईमेल करा. बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून 21 दिवसांत आणि तुटलेली मिळाली तर 7 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. मधल्या काळात घेतलेले कपडे, साबण, औषधं यांच्या पावत्या ठेवा. कपड्यांसाठी दुकानं शोधत बसू नका. मितुंबा, म्हणजे जुन्या कपड्यांचा बाजार, जवळपास प्रत्येक शहरात असतो आणि तिथे चांगलं जाकीट स्वस्तात मिळतं.

पुढच्या संघासाठी एकच नियम: एका माणसाचं सगळं सामान एका बॅगेत भरायचं नाही. दोघांनी आपले कपडे एकमेकांच्या बॅगांत अर्धे अर्धे विभागावेत. एक जोडी कपडे, रोजची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि शिबिराच्या पहिल्या दिवसाचं साहित्य हातातल्या बॅगेत असावं. चिवडा-लाडू डब्यात न्या, कॅरीबॅगमध्ये नको. केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर ऑगस्ट 2017 पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे.

आणि मन खट्टू होऊ देऊ नका. त्रोवसात राहिलेला झगा आणि चर्मपत्रं घेऊन ये, असं पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. सामान मागे राहणं सेवेइतकंच जुनं आहे, आणि ते मागून घेण्यात पौलाला संकोच वाटला नाही.

प्रार्थनासभेची वेळ चार वाजता असं कळलं, म्हणून आम्ही दुपारी चारला पोहोचलो. सभा सकाळीच संपली होती. यजमान रागावले नाहीत, पण आम्हाला फार अपराधी वाटलं.
*नाशिक*

स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. सात वाजले की पहिला तास, दहा वाजले की चौथा. ‘सा न्ने असुबुही’ म्हणजे सकाळचे दहा, पण कुणी त्याचं शब्दशः इंग्रजी केलं की चार होतात. शहरात इंग्रजीत बोलणारा माणूस सहसा आपल्यासारखीच वेळ सांगतो. गोंधळ होतो तो भाषांतरात. सहा मिळवा किंवा वजा करा, आणि त्याहून बरं म्हणजे घड्याळ पुढे करून “काटा इथे असेल तेव्हा ना?” असं विचारा. केनिया भारताच्या अडीच तास मागे आहे, तेव्हा रात्री जेवून निवांत घरी फोन लावाल तर इकडे मध्यरात्र झालेली असेल.

माझी मुलगी एल्डोरेट आणि किसुमूच्या संघात होती. तिसऱ्याच दिवशी जुलाब लागले. ओआरएस दिलं तर आणखी वाढले. मलेरियाच्या गोळीने मळमळ व्हायची म्हणून तिने ती मधेच सोडली. यात काय चुकलं?
*पाळकबाई, सोलापूर*

बाई, ओआरएसमध्ये चूक बहुधा पाण्याच्या मापाची असते. आपल्याकडे दोन आकारांची पाकिटं मिळतात. सुमारे 21 ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि सुमारे 4 ग्रॅमचं लहान पाकीट 200 मिलिलिटरसाठी. घाईत मोठं पाकीट एका पेल्यात विरघळवलं जातं. द्रावण इतकं घट्ट झालं की ते शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. म्हणून संघाच्या औषधपेटीत एक लिटरची रिकामी बाटली ठेवावी आणि तिच्यावर मार्करने ‘मोठं पाकीट’ असं लिहावं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर मोठ्या माणसाने पेलाभर, घोट घोट घ्यावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने सुरू करावं. शौचात रक्त, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी नाही किंवा पोटात पाणीच टिकत नाही, यांतलं एकही दिसलं तर प्रार्थना करत करतच दवाखाना गाठावा. रक्त किंवा ताप असताना जुलाब बंद करणारी गोळी देऊ नये.

पाणी खळखळ उकळायला लागल्यावर एक मिनिट पुरतं, पण एल्डोरेट समुद्रसपाटीपासून सुमारे 2,100 मीटरवर आहे. तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून तीन मिनिटं उकळावं. याच उंचीमुळे जुलै-ऑगस्टच्या रात्री तिथे चांगलीच थंडी असते. आफ्रिका म्हणजे ऊन, असं धरून नुसते सुती कपडे नेणारे संघ पहिल्याच रात्री कुडकुडतात.

आता गोळी. पत्रात नाव नाही, पण मळमळीची तक्रार बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिनची असते. ती भरल्या पोटी, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास आडवं होऊ नये. झोपताना घोटभर पाण्याने घेतली तर ती अन्ननलिकेत अडकते आणि छातीत आग पडते. संघात रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांनी एकत्र गोळी घ्यावी, म्हणजे कुणाची राहत नाही. उन्हात त्वचा लवकर भाजते, म्हणून टोपी हवी. ही गोळी परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि बहुतेक जण नेमके तिथेच थांबतात. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ती सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरं औषध सांगतील. जुनी क्लोरोक्विन तिथल्या मलेरियाला पुरत नाही. किसुमूच्या बाजूला मच्छरदाणीही हवीच. परतल्यानंतर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगावं: “मी केनियाहून आले आहे.” मुलीने गोळी मधेच सोडली आहे, म्हणून हे तिला आजच सांगा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण संघांच्या बाबतीत ती महत्त्वाची आहे. व्हिक्टोरिया सरोवरात बाप्तिस्मे होतात आणि आनंदाच्या भरात पाहुणेही पाण्यात उतरतात. त्या पाण्यात बिल्हार्झिया या रोगाचे सूक्ष्म कृमी असतात आणि ते कातडीतून आत शिरतात. काठावर उभं राहून गा. कुणी उतरलंच असेल तर लगेच टॉवेलने खसाखसा अंग पुसावं आणि परतल्यावर दीड-दोन महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. यावर औषध आहे.

पिवळ्या तापाची लस केनियाने मागितली नाही, मग घ्यायची कशाला?
*पुणे*

परत येताना भारत मागतो म्हणून. लस घेतल्याचं कार्ड नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि कार्ड टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, मग जन्मभर चालतं. निघायच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि साठीच्या पुढच्या मंडळींनी आधी डॉक्टरांशी बोलावं. कार्डावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हे केंद्रातच तपासा.

माझं वचन मराठीत, त्याचं इंग्रजी आमच्या भाऊंनी केलं आणि स्वाहिली तिथल्या भावाने. लोक चुळबुळ करू लागले. मी कमी पडलो असं वाटतं.
*साक्ष देणारा एक विश्वासी, जालना*

तुमचं वचन कमी पडलं नाही, वेळ तिप्पट झाला. तीन भाषांत बोलायचं तर तुमच्या वाट्याला दहा मिनिटं धरा. दुसरं कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तुम्ही “ज्या दिवशी माझ्या वडिलांनी मला...” इथे थांबलात तर दुभाष्याला सुरुवातच करता येत नाही. मारलं, बोलावलं की क्षमा केली? म्हणून सात-आठ शब्दांचं वाक्य बोला, ते पूर्ण करा आणि मग थांबा. शास्त्रवचनांचे संदर्भ आदल्या दिवशी दोन्ही दुभाष्यांना लिहून द्या, म्हणजे ते आपापल्या बायबलमधून वाचतील. म्हणी, कोट्या आणि अभंगातल्या ओळी गाळा. दुभाष्याकडे पाहून न बोलता लोकांकडे पाहून बोला. सभेनंतर दुभाष्याला पाणी द्यायला आणि नावाने आभार मानायला विसरू नका. सगळ्यात जास्त तोच बोललेला असतो.

चाळीस मुलांची तयारी होती आणि दोनशेच्या आसपास आली. रंगखडू पुरले नाहीत, ढकलाढकली झाली, एक मूल पडलं. रात्री आमच्यात वाद झाला आणि एक बहीण घरी जायचं म्हणून रडत बसली. आम्ही इतक्या दूर कशासाठी आलो, असं सगळ्यांनाच वाटू लागलं आहे. हे तिथूनच लिहीत आहे.
*संघातली एक बहीण, अहिल्यानगर*

बहिणी, आधी त्या रडणाऱ्या बहिणीकडे जा. ती काय जेवली, किती झोपली, ताप आहे का, गोळी रिकाम्या पोटी घेतली का, हे विचारा. परदेशातलं पुष्कळसं नैराश्य झोप आणि पाणी मिळालं की अर्ध्यावर येतं. उद्या दुपारपर्यंत तिला कोणतंही काम देऊ नका आणि एकटीही सोडू नका. घरी फोन करायचा असेल तर करू द्या. इतकं करूनही तिला परत जायचंच असेल तर सन्मानाने पाठवा. पौलाबरोबर सेवेला निघालेला मार्क पर्गाहून अर्ध्यातच परतला होता, आणि पुढे तो सेवेसाठी उपयोगी आहे असं पौलानेच लिहिलं.

आता शिबिर. दोनशे मुलं येणं हे तुमचं अपयश नाही. परदेशी पाहुणे आलेत ही बातमी पसरते आणि शेजारच्या वाड्यांतली मुलंही येतात. उद्या वस्तू वाटूच नका. ढकलाढकली वस्तूंमुळे होते, कारण मागच्या मुलाला दिसतं की आपल्यापर्यंत काही पोहोचणार नाही. उरलेले खडू तिथल्या संडे स्कूलच्या शिक्षिकेच्या हाती द्या, त्या वर्षभर पुरवून वापरतील. सकाळी तिथल्या पाळकांना झालं ते सांगा आणि मदत मागा. वीस-वीस मुलांचे गोल करा, वयाप्रमाणे. प्रत्येक गोलात स्वाहिली बोलणारी एक स्थानिक बहीण आणि तुमच्यातलं एक माणूस. लहान मुलं सावलीत, मोठी मैदानात. एक गोष्ट, एक कृतिगीत, एक खेळ, असे वीस-वीस मिनिटांचे फेरे. साहित्य म्हणून खडे, काड्या, जमिनीवर काढलेल्या रेघा पुरतात. पाण्याची पिंपं दोन ठिकाणी ठेवा, एकाच ठिकाणी ठेवलीत तर पुन्हा गर्दी होईल.

मदत मागायला लाजू नका, हे आम्ही कळकळीने सांगतो. आपण द्यायला आलो आहोत या भावनेने संघ यजमानांपासून अडचणी लपवतात आणि तिथेच एकटे पडतात. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाच्या मदतीला पाठवलेला एपफ्रदीत स्वतःच मरणाच्या दारी पोहोचला होता आणि घरच्यांच्या आठवणीने कासावीस झाला होता. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल त्याला दोष देत नाही, अशांना मान द्या म्हणतो. ते आज रात्री सगळ्यांनी मिळून वाचा. वादाचं बोलणं जेवणानंतर करा, उपाशी पोटी नको, आणि प्रत्येकाने आधी दिवसात पाहिलेलं एक चांगलं सांगावं. पडलेल्या मुलाच्या घरी उद्या पाळकांबरोबर दोघींनी जाऊन या.

ढोलकी आणि टाळ नेता येतील का? तिथे कुणाला मराठी कळणार नाही, तरी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची फार इच्छा आहे.
*भजनी मंडळ, राहुरी*

जरूर न्या. टाळ हातातल्या बॅगेत ठेवलेत तर सुरक्षातपासणीत अडू शकतात, म्हणून ते मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून द्या. ढोलकी नट-बोल्टची असेल तर निघताना नट थोडे सैल करा आणि पोहोचल्यावर खोलीत काही तास ठेवून मगच कसा. चामड्याचं पान हवेप्रमाणे उतरतं-चढतं, प्लास्टिकच्या पानाला तो त्रास नाही. नारायण वामन टिळकांचं कोणतंही भजन घ्या, पण ज्याचं ध्रुपद एका ओळीचं आहे असं. ध्रुपदाचा अर्थ दुभाष्याकडून आधी सांगा, शब्द रोमन लिपीत फळ्यावर लिहा आणि दोनदा सावकाश म्हणून दाखवा. केनियातल्या मंडळ्यांना एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं ही रीत चांगली ठाऊक आहे. कुणाजवळ कायांबा, म्हणजे बोरूचं चपटं खुळखुळं वाद्य, असेल तर त्याला शेजारी बसवा आणि लय मध्यम ठेवा.