नवरा कोविडने गेला, पण कागदावर कोविड नाही

प्रश्न : मॅडम, मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. माझे मिस्टर वडापची जीप चालवायचे. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना ताप आला, मग दम लागायला लागला. बेड मिळेपर्यंत दोन दिवस गेले. शेवटी एका खासगी दवाखान्यात सस्पेक्ट वॉर्डात घेतलं. छातीच्या सीटी स्कॅनचा, एचआरसीटीचा स्कोर १९ होता. आरटीपीसीआरचा स्वॅब घेतला, पण रिपोर्ट शेवटपर्यंत आला नाही. चौथ्या दिवशी ते गेले. बॉडी घरी दिली नाही, नगरपालिकेच्या लोकांनीच सगळं उरकलं. जानेवारी २०२२ मध्ये कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या ५० हजारांच्या सरकारी मदतीसाठी ऑनलाइन अर्ज केला, तो नामंजूर झाला. कार्यालयात म्हणाले, "आरटीपीसीआर आणा. मृत्यू दाखल्यावर कोविड कुठंय?" तीन हेलपाटे मारले आणि सोडून दिलं. आता एक एजंट म्हणतो, दहा हजारांत मागच्या तारखेचा रिपोर्ट करून देतो. भाऊ म्हणतो, सरकारवर केस टाक, चार लाख मिळतात. मी शिलाई करते. मुलगी अकरावीत, मुलगा सहावीत आहे. काय करू?

उत्तर : ताई, आधी त्या एजंटचं बघू. त्याला आजच नाही म्हणून सांगा. खोट्या कागदावर आपत्तीची मदत घेणं हा आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५२ खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये चार राज्यांतल्या पाच टक्के दाव्यांची पडताळणी करायला केंद्राला मुभा दिली होती आणि त्या चारांत महाराष्ट्र होता. पण शिक्षेपेक्षा मला दुसरंच जास्त खटकतं. तुमचा दावा खरा आहे. त्याला एक खोटा कागद चिकटवलात की खरे कागदही संशयात येतील.

आता भावाचे चार लाख. हे त्याने हवेतून काढलेले नाहीत. १४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने पत्र काढलं, त्यात कोविडला आपत्ती धरून मृताच्या कुटुंबाला चार लाख देण्याची तरतूद होती. त्याच दिवशी सुधारित पत्र निघालं आणि त्यातून ती तरतूद गायब झाली. सकाळची भाकरी संध्याकाळी ताटातून उचलावी तसं झालं. लोकांचा राग तिथपासूनचा आहे आणि मला तो रास्त वाटतो. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जून २०२१ च्या निकालात न्यायालयाने आकडा ठरवायला नकार दिला, पण आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मदतीचे निकष ठरवणं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला बंधनकारक आहे असं बजावलं. त्यातून सप्टेंबर २०२१ मध्ये ५० हजार ठरले आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने ते मान्य केले. म्हणून चार लाखांसाठी आता केस टाकण्यात अर्थ नाही. तुमची फी जाईल आणि वर्षं जातील. बेड मिळाला नाही म्हणून सरकारवर नुकसानभरपाईचा दावा म्हणाल, तर त्या दोन दिवसांमुळेच मृत्यू झाला हे सिद्ध करावं लागेल. तुमच्याकडच्या कागदांवर मला ते जमेल असं वाटत नाही.

आणि एक शब्द डोक्यातून काढून टाका : सानुग्रह, म्हणजे मेहेरबानी म्हणून दिलेली मदत. शासनाच्या कागदावर तो असतो, म्हणून खिडकीवरच्या माणसाला वाटतं आपण दया करतोय आणि आपल्यालाही वाटतं आपण हात पसरतोय. ४ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानंतर हे पैसे म्हणजे निकषात बसणाऱ्या कुटुंबाचं देणं आहे.

तुम्ही त्या निकषात बसता का? माझ्या मते बसता, आणि कार्यालयाने दिलेली दोन्ही कारणं चुकीची आहेत.

पहिलं कारण, दाखल्यावर कोविड नाही. ताई, नगरपालिकेच्या मृत्यू दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलंच नसतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार नोंदवहीतलं कारण उताऱ्यावर उघड करायचं नाही. म्हणजे त्या कारकुनाने तुमच्याकडे असा कागद मागितला, जो देणं नोंदणी कार्यालयाला कायद्यानेच मना आहे! कारण असतं ते डॉक्टरने भरलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना ४ मध्ये. त्यात 'हृदयक्रिया बंद' असं लिहिलं असेल तरी घाबरू नका. कोणत्याही मृत्यूत शेवटी हृदय बंदच पडतं. प्रमाणपत्रात कोविड हे कारण नाही एवढ्यावरून कोणत्याही राज्याने मदत नाकारू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबरच्या त्याच आदेशात स्पष्ट म्हटलं आहे.

दुसरं कारण, आरटीपीसीआर. पॉझिटिव्ह चाचणी हा एक रस्ता आहे, एकमेव नव्हे. रुग्णालयात दाखल असताना उपचार करणाऱ्या डॉक्टरने तपासण्यांवरून कोविड ठरवला असेल, तर तेही चालतं. आणि मृत्यू त्या निदानापासून ३० दिवसांच्या आत हवा. तुमचे मिस्टर चौथ्या दिवशी गेले. तेव्हा सगळा प्रश्न एकच उरतो : डॉक्टरने कोविड म्हणूनच उपचार केले, हे कागदावर दिसतं का?

त्यासाठी घरातली ती फाइल काढा. एचआरसीटीचा रिपोर्ट महत्त्वाचा आहेच, पण एकटा पुरणार नाही. सोबत रेमडेसिविरच्या पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या, बिलावरचा वॉर्डचा प्रकार, डेथ समरी असं सगळं लावा. पत्रात तुम्ही एका वाक्यात सांगून टाकलेली गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, ती म्हणजे बॉडी घरी दिली नाही. त्या काळात नगरपालिकेने परस्पर अंत्यविधी केले ते कोविडच्या नियमांखाली, आणि स्मशानभूमीच्या नोंदवहीत तसा उल्लेख असण्याची शक्यता मोठी आहे. माहितीच्या अधिकारात त्या दिवसाच्या नोंदीची प्रत मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. तसाच दुसरा अर्ज महसूल कार्यालयात टाका आणि तुमचा दावा नामंजूर करताना फाइलवर जो शेरा मारला त्याची प्रत घ्या. मोबाइलवर आलेला नामंजुरीचा मेसेज म्हणजे आदेश नव्हे.

दवाखान्याकडे केस पेपर लेखी मागा. एक अडचण आहे. डॉक्टरांच्या नियमांनुसार भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळणं बंधनकारक आहे आणि ती मुदत २०२४ मध्ये संपली. ते "नष्ट केले" म्हणू शकतात. म्हणाले तर तेच लेखी घ्या.

मग जायचं तक्रार निवारण समितीकडे. जिल्हा पातळीवर ही समिती नेमायला लावली ती सर्वोच्च न्यायालयाने. ती रुग्णालयाकडून कागद मागवू शकते, आणि नकार द्यायचा तर कारण नोंदवावं लागतं. अर्जावर 'अध्यक्ष, कोविड तक्रार निवारण समिती, मार्फत जिल्हाधिकारी' असं लिहा, जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. "ती समिती आता बसत नाही" असं उत्तर आलं तर तेही लेखी मागा.

उशिराबद्दल खोटं आश्वासन देत नाही. एवढी वर्षं गप्प का होता, हा प्रश्न येणार. पण जुन्या मृत्यूंचे दावे करायला न्यायालयाने २४ मार्च २०२२ पासून ६० दिवस दिले होते आणि तुमचा अर्ज त्याआधीचा, जानेवारीचा आहे. मुदत तुम्ही चुकवलेली नाही. तुम्ही मुदतीत आलात आणि चुकीच्या कारणाने परत पाठवल्या गेलात, हीच तुमची बाजू. त्या अर्जाची पावती जपून ठेवा. समितीने नाकारलं किंवा उत्तरच दिलं नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येईल. त्यासाठी आता मुंबई गाठायची गरज नाही. ऑगस्ट २०२५ पासून साताऱ्याची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगते. मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज कधी केला होता का? पत्रात त्याचा शब्दही नाही. वडील गेलेली, एकच पालक असलेली मुलं त्यात बसतात. दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, वयाच्या अठरा वर्षांपर्यंत. दोघांचे वर्षाला ५४,००० होतात, म्हणजे ज्या रकमेसाठी तुम्ही हेलपाटे घातले त्याहून जास्त. अनुदान महिनोन्महिने रखडतं, हे खरं आहे, त्यामुळे त्यावर हप्ते ठरवू नका. पण अर्ज करा. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे तो मिळेल, मंजुरी बाल कल्याण समिती देते. मृत्यू दाखला, मुलांचे शाळेचे दाखले, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला, पासबुक बरोबर न्या. इथे मृत्यूचं कारण काय, हा प्रश्न येत नाही.

मुलगी अकरावीत आहे म्हणजे सोळा-सतरा वर्षांची असेल. तिचे महिने कमी उरलेत. म्हणून या सोमवारी आधी बालविकास कार्यालय, आणि तिथून निघालात की जिल्हाधिकारी कार्यालय.